ऐंशीबाई

माझी आत्या जगातल्या बहुतेक गोष्टींना घाबरायची. पालीला, कुकरच्या शिट्टीला, उंच स्टुलाला, अनोळखी नंबरावरून आलेल्या फोनला आणि सगळ्यात जास्त विजेला. दिवा लावायचा तर आधी हात खसाखसा पुसायची, मग एका बोटानं, अंग मागे घेऊन, बटण दाबायची. अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर नोकरी धरली, तेव्हा माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "हसताय काय, नोकरी आहे का दुसरी कुठे तिथे वर?"

नव्हती. डोंगरावरच्या त्या वस्तीत एक आरोग्यधाम होतं, त्याच्या स्वयंपाकघरात आत्यानं एकवीस वर्षं काढली होती. ते बंद पडलं. त्याच्या दर्शनी अंगणात एका कंपनीनं गाड्या चार्ज करायची दोन मोठी मशीनं बसवली आणि त्यांना एक माणूस हवा होता. काम साधं होतं. स्वच्छतागृह धुवायचं, फोन घ्यायचा आणि मशीन रुसलं की बंद करून पुन्हा चालू करायचं. त्याबरोबर दीडशे पानांचं माहितीपुस्तक मिळालं. शूर माणसं असली पुस्तकं कपाटाच्या तळाशी घालतात. आत्यानं ते तीन वेळा वाचलं, कारण त्यातल्या प्रत्येक पानावर कशानं मरण येऊ शकतं हे लिहिलेलं होतं.

मी नवऱ्याचं घर सोडून तिच्याकडे राहायला आले तोपर्यंत तिला तिथे चार वर्षं झाली होती आणि तिचं नाव ऐंशीबाई पडलं होतं. मी तेव्हा चौतीस वर्षांची. सकाळी वस्तीतल्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायचे, दुपारनंतर स्टेशनवर आत्याच्या खोलीत. खोली कसली, काचेची पेटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ. घड्याळ पाच मिनिटं पुढे, ते अर्थात भीतीपोटी.

ऐंशीबाई हे नाव पडायचं कारण असं, की बॅटरी ऐंशी टक्के भरली की ती गाडीची काच वाजवायची. "झालं तुमचं. गाडी काढा." लोक वाद घालायचे. शंभर करून घेतो, वीसच तर राहिले, बोर्डावर तर मोठ्या अक्षरात एकशेवीस किलोवॅट लिहिलंय. आत्या हात जोडल्यासारखी उभी राहायची आणि तेच तेच पुन्हा सांगायची. बोर्डावरचे एकशेवीस एकट्या गाडीला. एका मशीनला दोन गन, म्हणजे पेट्रोलपंपावर असतात तशा गाडीला लावायच्या नळ्या. दुसरी गाडी लागली की साठ-साठ. उकाडा वाढला की मशीन स्वतःच आणखी हात आखडतं. आणि बॅटरी भरत आली की तीच कमी घेते. "नाटकाला जाता ना तुम्ही?" ती विचारायची. "सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या, माणसं धडाधड बसतात. शेवटच्या वीस जणांना लोकांच्या गुडघ्यांवरून जाऊन खुर्ची शोधावी लागते. त्याला वेळ लागणारच. धक्काबुक्की केली तर मोडतोड होईल." मग हळूच जोडायची, "दहापासून साठपर्यंत गाडी गिळते, ऐंशीनंतर चघळते. मागे रांग आहे हो."

लोकांना ते पटायचं नाही, पण तिचा चेहरा इतका काकुळतीला आलेला असायचा की माणूस कंटाळून गाडी काढायचा. टॅक्सीवाले मात्र बेरकी. उन्हाळ्यात ते गनच्या मुठीभोवती ओला फडका गुंडाळायचे. मुठीत उष्णता मोजणारं एक यंत्र असतं. मूठ तापली की मशीनला कळतं आणि ते वीज कमी सोडतं. फडक्यानं मूठ गार लागते, मशीनला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि ते जोरात सोडत राहतं. हा एकच प्रकार असा होता की तो पाहिला की आत्या धावत बाहेर जायची आणि फडका ओढून काढायची. "तापलेल्या पोराच्या थर्मामीटरला बर्फ लावला म्हणून ताप उतरतो का?" एकदा मीच तिला म्हणाले, "अगं, काही होत नाही, सगळे करतात." ती म्हणाली, "होत नाही तोवर होत नाही."

मला तिची कीव यायची. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारी बाई, असं मी दवाखान्यात सांगून हशा मिळवायचे. ते आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. दोन दिवस तो डोंगराआड होता. आम्हाला फक्त धूर दिसायचा आणि घसा खवखवायचा. तिसऱ्या दिवशी वारा फिरला. तारा तुटून नव्या आगी लागू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळपासून वीज बंद केलेली होती. सकाळी घरोघर सामान बांधणं सुरू झालं. पेट्रोलच्या गाड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोंबून खाली गेल्या. आरोग्यधामाच्या जुन्या बसनं दोन फेऱ्या केल्या आणि साडेबाराला ती शेवटची गेली. मागे राहिल्या एकोणीस विजेच्या गाड्या आणि त्यांची एकसष्ट माणसं. रात्रभर चार्जिंग नाही, धुरापायी काचा बंद करून गाडीत गारवा लावून बसलेले, त्यामुळे कुणाकडे बारा टक्के, कुणाकडे नऊ. सगळ्या गाड्या आत्याच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

एक वाजून वीस मिनिटांनी वीज आली. अग्निशमन दलाची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली, की तीनला रस्ता बंद होईल, तीनच्या आत वस्ती रिकामी करा, त्यानंतर आम्हीही वर येऊ शकणार नाही.

त्या क्षणी अंगणात जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. चार गन आणि एकोणीस गाड्या. जो तो आपली गाडी पुढे घालत होता. एका बाईनं दुसरीच्या गाडीपुढे स्वतःची मुलगी उभी केली, गाडी पुढे जाऊ नये म्हणून. आकाश पितळी झालं होतं आणि बॉनेटवर राख पडत होती, बारीक, गव्हाच्या कोंड्यासारखी. माझी पाचावर धारण बसली होती. मी आत्याकडे पाहिलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, ही आता खाली बसणार.

ती बसली नाही. स्वच्छतागृहात गेली, साबणाची वडी घेऊन आली आणि पहिल्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेवर मोठ्ठा तीस लिहिला.

"सगळ्यांना तीसच," ती म्हणाली. आवाज फाटत होता तिचा. "ऐंशी करायला गेलात तर एकेका गाडीला चाळीस मिनिटं. पावणेपाच होतील. तीसला बारा मिनिटं लागतात आणि गन बदलायला तीन. अडीच-पावणेतीनला सगळे बाहेर. रस्ता चौसष्ट किलोमीटर आहे, पण उतार आहे. उतारावर गाडी खात नाही. अकरा-बारा टक्के जातील."

"आणि गेले नाहीत म्हणजे?" कुणीतरी विचारलं. "जास्त गेले म्हणजे?"

आत्या म्हणाली, "मलाही तीच भीती वाटतेय."

का कोण जाणे, या वाक्यानं लोक जरा शांत झाले. ती जर म्हणाली असती की काळजी करू नका, तर तिला तिथेच तुडवलं असतं.

ठेकेदार मात्र ऐकेना. बंद पडलेल्या आरोग्यधामाच्या मागच्या जागेवर नवी इमारत बांधणारा माणूस, गाडी नवी, बसक्या बैलाएवढी, आणि तिच्यात आधीच पस्तीस टक्के होते. आत्यानं त्याला सांगितलं, तुम्हाला लावायचीच गरज नाही, निघा. तो म्हणाला, वाटेत अडकलो तर तू येणार आहेस का ढकलायला? आणि त्यानं रिकामी झालेली गन स्वतःच्या गाडीला लावून टाकली, दाराशी पाठ टेकवून उभा राहिला. आत्या त्याच्या समोर गेली. तिची उंची त्याच्या खिशापर्यंत.

"साहेब, मागे पंधरा गाड्या आहेत."

"माझ्या गाडीत माझी बायको आहे."

"त्या पंधरांतही कुणाची तरी बायको आहे."

तो हलला नाही. आत्यानं त्याच्या बगलेखालून हात घातला आणि मशीनवरचं लाल बटण दाबलं. ज्या बाईला दिव्याचं बटण दाबायला धीर लागायचा, तिनं. ठेकेदारानं हात उगारला, आत्यानं डोळे मिटून घेतले, पण ती जागची हलली नाही. त्याच्या बायकोनं आतून हॉर्न वाजवला, लांबलचक. मग तो शिव्या देत गेला. आत्या मशीनला टेकून चार श्वास घेऊन पुढच्या गाडीकडे वळली.

दोन वाजून पाच मिनिटांनी बारा गाड्या गेल्या होत्या. सात राहिल्या होत्या, आमची धरून. आमची अर्थात सगळ्यात शेवटी, हे मला न विचारताच ठरलं होतं.

त्या सातांत गुरुजींची गाडी होती. गुरुजी म्हणजे वस्तीतल्या शाळेचे निवृत्त मास्तर. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, खुब्याचं हाड मोडलेलं होतं. त्यांना बसता येत नव्हतं, मागच्या सीटवर उशा लावून आडवं ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या गाडीत घ्यायचाही प्रश्न नव्हता. गादीसकट काकूंना घरातून उतरवण्यातच उशीर झाला, म्हणून त्यांची गाडी रांगेत मागे राहिली. गाडी अकरा वर्षांची. रोज रोज जलद चार्जिंग करून बॅटरी थकलेली. "गुरुजींच्या गाडीचा टक्का म्हणजे आपला पाव टक्का," असं आत्या नेहमी म्हणायची. त्यांच्या काचेवर तिनं साबणानं पंचेचाळीस लिहिले.

आता मी माझ्यावर येते. दुसऱ्या मशीनवर किलोवॅटचा आकडा पडत चालला होता. चाळीसवरून पस्तीस, पस्तीसवरून अठ्ठावीस. मूठ हाताला चटका बसेल इतकी तापली होती. कड्यावरची झाडं धुरातून दिसेनाशी झाली होती आणि आता आवाज येऊ लागला होता, लांबून येणाऱ्या मालगाडीचा असतो तसा, पण न थांबणारा. मी घड्याळाकडे पाहत होते. ते पाच मिनिटं पुढे आहे हे मला माहीत होतं, तरी मी त्याच्यावरच विश्वास ठेवत होते. आत्या पलीकडच्या मशीनवर होती. मी स्वच्छतागृहातला फडका घेतला, नळाखाली धरला, आणि पुरता न पिळताच गनच्या मुठीभोवती गुंडाळला.

आकडा वर गेला. अठ्ठावीसचा पंचेचाळीस झाला, बावन्न झाला. मला खरंच आनंद झाला. मला वाटलं, मी सगळ्यांना वाचवते आहे.

चार मिनिटांनी आतून खट् असा आवाज आला. पडदा लाल झाला, मशीनचा पंखा थांबला आणि दोन्ही गन मेल्या. पाणी मुठीतून आत उतरलं होतं.

आत्या आली. तिनं पडदा पाहिला, मग फडका पाहिला. मशीन तीनदा बंद करून चालू केलं. काही झालं नाही. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ती ओरडेल, मारेल, आणि मारावंच असं मला वाटत होतं. तिनं फडका सोडवून माझ्या हातात दिला.

"सव्वादोन झालेत," ती म्हणाली. "दोन गन, सात गाड्या. तीस करायला गेलो तर सव्वातीन होतील. बावीस. काचा पूस आणि सगळ्यांना बावीस लिही. धाव."

मी धावले. त्याच ओल्या फडक्यानं काचा पुसत गेले, साबणानं बावीस लिहीत गेले. चौथी काच गुरुजींची होती. तिच्यावर पंचेचाळीस होते.

मी थांबले. हे मी कबूल करते आहे, की मी थांबले. तो आकडा चुकून लिहिलेला नाही हे मला ठाऊक होतं. आत्या दहा पावलांवर होती. विचारायचं तर तिच्याकडे जावं लागलं असतं, तिच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं, आणि फडक्यानंतर तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. ती म्हणालीच होती ना, सगळ्यांना. मी पंचेचाळीस पुसले आणि बावीस लिहिले. त्यांची बॅटरीच मुळात छोटी. पंचेचाळीस करायला फार तर चार मिनिटं जास्त लागली असती. हा हिशेब मी नंतर अनेकदा केला आहे.

गुरुजींच्या गाडीची पाळी आली तेव्हा आत्याचं डोकं चालत नव्हतं. ती काच पाहायची, पडदा पाहायची, गन ओढायची, पुढे. बावीस झाले, तिनं गन ओढली, "निघा गुरुजी," म्हणाली. गुरुजींनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला आणि ते गेले.

आम्ही तीनला चार मिनिटं असताना निघालो, वीस टक्के घेऊन. गाडी मी चालवत होते. गारवा बंद, काचा बंद, तोंडाला ओले रुमाल. रस्त्याच्या डाव्या अंगाला आग उतरत होती, अजून दोन वळणं लांब, पण धग काचेतून लागत होती. आत्या रस्त्याकडे पाहतच नव्हती. ती आकड्याकडे पाहत होती. एकोणीस. अठरा. मग उतार लागला आणि बराच वेळ अठराच राहिले, आणि ती पुटपुटली, "बरोबर आहे, बरोबर आहे." मला वाटतं त्या दिवसातला तो एकच क्षण तिचा सुखाचा होता.

डोंगर संपून सपाटी लागते तिथे, पंचेचाळीस किलोमीटरनंतर, रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती. चारी दिवे उघडझाप करत होते, पण मंद. मी ब्रेक लावायच्या आधीच आत्याच्या तोंडून एक आवाज आला, मी माणसाच्या तोंडून तसला आवाज पुन्हा ऐकला नाही.

गाडीत कुणी नव्हतं. मागचं दार उघडं. सीटवर उशी होती, गादी नव्हती. मी हाका मारल्या. धुरात माझाच आवाज बसत गेला. आत्या काचेसमोर उभी होती. काचेवर माझ्या अक्षरात बावीस. तिनं बोट लावलं त्या आकड्याला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीत येऊन बसली. मागच्या वळणावर झाडं पेटली होती. आम्हाला निघावंच लागलं.

खाली क्रीडांगणावर सगळे जमले होते. आत्यानं गाड्या मोजल्या. अठरा भरल्या. पुन्हा मोजल्या. मोजत मोजत ती मैदानाला तीन फेऱ्या मारून आली. जो भेटेल त्याला विचारत होती, आणि ठेकेदारसुद्धा, हे सांगायला हवं, तिच्याबरोबर शोधत फिरला. सगळी रात्र तिनं खुर्चीच्या कडेवर बसून काढली. मी शेजारी होते. मला खूप वेळा सांगावंसं वाटलं. प्रत्येक वेळी मी ठरवलं, आधी ते सापडू देत, मग सांगते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं. अग्निशमन दलाच्या परतणाऱ्या शेवटच्या गाडीनं दोघांना उचललं होतं, गादीसकट, आणि दुसऱ्याच गावच्या इस्पितळात नेलं होतं. पण त्याआधी ती दोघं त्या धुरात वीस मिनिटं होती. गुरुजी निभावले. काकू पाच आठवडे इस्पितळात होत्या. वाचल्या, पण आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलतात, दोन वाक्यांनंतर थांबतात.

महिन्याभरानं कंपनीनं चौकशी केली. शहरातल्या कचेरीत एक लांब टेबल, पलीकडे दोन साहेब, अलीकडे आत्या आणि मी. साहेबांनी विचारलं, ऐन गरजेला दुसरं मशीन बंद का पडलं? मुठीत पाणी सापडलंय, त्या मुठीला ओला फडका कुणी लावला? आणि जुन्या गाडीला इतका कमी आकडा कुणी दिला?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आत्याचा हात टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर आला आणि तिनं तो घट्ट दाबला.

"मी लावला," ती म्हणाली. "आकडाही मीच लिहिला. घाबरले होते मी."

साहेबांनी कागद पुढे केला. तिनं पेन उचललं. मी ती सही होताना पाहिली आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. नोकरी त्याच दिवशी गेली. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "तुझी दवाखान्यातली आहे, ती टिकव." मग आम्ही त्यावर कधीच बोललो नाही, आणि न बोलणं किती सोपं असतं याचंच मला भय वाटायचं.

त्यानंतर दर रविवारी आत्या गुरुजींकडे जायची. काकूंचे पाय चेपायची, डोकं धुवायची, आठवड्याचं शिजवून ठेवायची. मी तिला गाडीनं सोडायचे आणि बाहेर गाडीत बसून राहायचे. काकू खिडकीतून हात करायच्या, आत ये म्हणून. मी मोबाईल कानाला लावून महत्त्वाचं बोलत असल्याचं दाखवायचे. सहा वर्षं दर रविवारी मी हे केलं. मनात एकच धास्ती असायची, की कधीतरी, कुणीतरी, कसं तरी काकूंना सांगेल.

गेल्या थंडीत आत्या झोपेत गेली. पंधरा दिवसांनी रविवारी मी तिचे तिथे राहिलेले डबे आणायला म्हणून गेले. गुरुजी बाहेर गेले होते. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं. मी म्हणाले, "आत्याला तुमच्याबद्दल फार वाईट वाटायचं, काकू. शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग त्यांच्या त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाल्या, "मी मागच्या सीटवर आडवी होते ना. काच अगदी डोक्याशी. आतून आकडे उलटे दिसत होते, पण कळत होते." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तू पुसलास तेही दिसलं. थांबलीस तेही."

"आत्याला..." मी म्हणाले.

"तिला मी पहिल्याच रविवारी सांगितलं. तिला माहीतच होतं. अक्षर ओळखलं होतं तिनं." काकूंनी माझा हात धरून ठेवला होता, त्यांचा हात गार होता. "मी म्हटलं, आत बोलाव पोरीला, मला काही राग नाही. तर नको म्हणाली. म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका, घाबरून जाईल ती."